नऊ-चौदाच्या वर्तुळातली घरं

३ ऑक्टोबर २०१६

स्वावा,

'प्रिय' लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर तू हे तिथल्या तिथे चुलीत घातलं असतंस, आणि हे कामाचं पत्र आहे.

चौकातल्या तुझ्या पत्रपेटीत मी कंपनीचं कार्ड तीनदा टाकलं. पहिलं वाऱ्याने नेलं असेल, दुसरं मेंढीने खाल्लं असेल. तिसऱ्यासाठी मला कारण सुचत नाही. माझा नंबर दिसला की तू फोन उचलत नाहीस. म्हणून आता धाकटी बहीण थोरल्या बहिणीला नऊ मैलांवरून टपालाने विचारते आहे: तुझ्या घरात माणसं किती राहतात?

कारण असं की डिसेंबरात नऊ-चौदा नंबरच्या जुन्या गॅसविहिरीशेजारी नवी विहीर खोदून होईल आणि जानेवारीत तिचा गॅस तपासायला घेतील. गॅस 'आंबट' आहे, म्हणजे विषारी. हा शब्द ज्याने काढला त्याला नमस्कार करावासा वाटतो. जसं काही दही दोन दिवस जास्त राहिलंय. विहिरीभोवती नकाशावर वर्तुळ काढतात. गळती झाली तर त्या वर्तुळातल्या प्रत्येक घराला फोन करून बाहेर काढायचं असतं. आजवर वर्तुळात आठ घरं होती, आता चौदा झाली. तुझं घर दोन्हींत पहिलंच. विहिरीपासून सातशे मीटर.

मुख्य प्रश्न चारच आहेत. माणसं किती. फोन कोणता. आत यायचं गेट कुठे. आणि घरातलं कुणी असं आहे का, ज्याला मदतीशिवाय बाहेर पडता येणार नाही. मागच्या वर्षांचे तुझे फॉर्म आमच्याकडे व्यवस्थित आहेत, त्याची काळजी नको. पण विहीर नवी म्हणजे फॉर्म नवा, आणि या वेळी तपासनीस स्वतः येऊन कागद चाळणार आहेत.

कंपनी म्हणजे कुठली, हे तू विचारणार नाहीस, तरी सांगते. मीही मधूनमधून टोपीवरचं नाव बघून खात्री करते. बावीस वर्षांत माझ्याकडे पाच टोप्या झाल्या. विहिरी त्याच, पाइप तेच, मुकादम मर्व्हही तोच. टोपी तेवढी बदलते.

राहिला तो जुना विषय. पाब्बींनी गवताचं शेत नऊ-चौदासाठी कंपनीला द्यायच्या करारावर सही केली त्या दिवशी तू इनिसफेलला बर्फाच्या रिंकवर कर्लिंगचे दगड सरकवत होतीस, हा योगायोग होता. अकरा वर्षं मी हेच सांगते आहे. गवताचं शेत तुझं होतं हे मला माहीत होतं, पण कागदावर जमीन बापाची, पाब्बींची होती आणि सही त्यांची चालत होती.

फॉर्म सोबत आहे. तिकीट लावलेलं पाकीटही.

रुना


१२ ऑक्टोबर

स्वावा,

पत्र परत आलं. फॉर्म कोरा. पण पाकिटावर तुझी चिकटपट्टी डिंकाच्या वरून आहे, म्हणजे उघडून, वाचून, पुन्हा चिकटवून पाठवलंस. बरं झालं. निदान वाचतेस.

शनिवारी हॉलमधल्या जेवणाला मी होते, हे तू पाहिलंस. आपल्या गावाने भांडणाची सोय फार छान केलेली आहे: लांब टेबलं आणि त्यांना दोन टोकं. तू किटलीच्या बाजूला, मी लोणच्याच्या. मधे साठ माणसं टर्की खात होती आणि सगळ्यांना ठाऊक होतं की मीठ कुणाकडून कुणाकडे द्यायचं नाही.

मग तुझा विनारतेर्ता केक आला. सात थर, धारेसारख्या सरळ कडा, मधे आलुबुखारा. मी नॉर्मा हॅल्डरसनच्या शेजारी होते. नॉर्माने पहिला घास घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय गं?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "वेलची."

"वेलची असतेच त्यात."

"असते गं. पण आज वेलचीत थोडा केक आहे."

तिच्या पलीकडचा एयोल्फ म्हणाला, "मागच्या वर्षीही असाच होता. आम्हाला वाटलं, नवी पद्धत असेल. स्वावाला कोण विचारणार?"

सगळ्यांनी पाणी पीत पीत संपवला. या गावात तुला घाबरतात, आणि ही तुझी आयुष्यभराची कमाई आहे. पण मी मात्र पुढे जेवले नाही. तू वेलची कधी चमच्याने मोजली नाहीस. मम्मा चमचा पुढे करायची आणि तू म्हणायचीस, नाक आहे ना. पीठ मळताना परातीवर वाकायचीस, वास घ्यायचीस आणि थांबायचीस. प्रत्येक वेळी बरोबर.

नंतर स्वयंपाकघरात किटलीच्या तळाशी कॉफी जळत होती. धुराचा वास दारापर्यंत आला होता, लोक वळून बघायला लागले होते. तू त्या किटलीशेजारीच उभी होतीस आणि एयोल्फच्या बायकोला लोकरीचे भाव सांगत होतीस.

फॉर्म परत पाठवते आहे. चौथा प्रश्न नीट वाच.

रुना


२० नोव्हेंबर

स्वावा,

दुसरंही परत आलं. या वेळी फॉर्मच्या मागे तू एक ओळ लिहिली आहेस: 'माझ्या केकचं कंपनीने बघायचं कारण नाही.' पाच-सहा वर्षांत तुझ्याकडून आलेलं हे सगळ्यात लांब वाक्य. मी ते जपून ठेवलेलं नाही, पण फेकलंही नाही.

तर मी सरळच विचारते. तुला वास येत नाही ना? कधीपासून? माझा अंदाज, २००९ चा फेब्रुवारी. रिंकवर पाय घसरून मागे आपटलीस, डोक्याला सात टाके पडले. मला त्याच दिवशी कळलं होतं. मी आले नाही. पाय निघाला नाही, असं लिहिणार होते, पण पाय निघाला होता. गाडी चौकापर्यंत आली होती.

हे कुणाला सांगितलं नाहीस हे समजू शकते. स्वावा बेनेडिक्टसनला काहीतरी येत नाही, अशी बातमी हॉलमधे गेली असती तर लोकांनी तुला सूप आणून दिलं असतं. त्यापेक्षा जळकी कॉफी बरी.

पण आंबट गॅसचा पहिला पहारेकरी नाकच असतं. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि माणूस उठून निघतो. जास्त झाला की नाकच मारतो, मग काही येत नाही आणि माणूस आडवा होतो. आमच्या माणसांच्या छातीला किंचाळणारं यंत्र लावलेलं असतं. तुझ्या छातीला काय आहे? कोटाची गुंडी.

परवा मी मर्व्हकडे विषय काढला. मर्व्ह ओस्टाशेक, विहिरींवरचा आमचा मुकादम, त्याला तू ओळखतेस. तू त्याला एकदा काट्याच्या तारेचा तुकडा हातात धरून हाकललं होतंस.

"पहिल्या घरात एक यंत्र बसवून देता येईल का?" मी विचारलं.

"कुणाच्या, तुझ्या बहिणीच्या? ती मला दारात उभं करेल?"

"गरज असेल तर नियमात बसतं की नाही?"

"गरज असेल तर बसतं. फॉर्म काय म्हणतो?"

"फॉर्म म्हणतो, मदतीची गरज नाही."

"मग झालं तर. तिनंच लिहिलंय ना?"

मी हो म्हटलं. ते सोड.

मला तुझ्या हातचं लिहिलेलं हवं आहे, स्वावा. 'हो, वास येत नाही.' एवढे चार शब्द. तारीख आणि सही. यंत्र मर्व्ह स्वतः बसवेल, तारेचा तुकडा हाताशी ठेवलास तरी त्याची हरकत नसेल.

रुना


१९ जानेवारी २०१७

स्वावा,

हे टपालाने जाणार नाही. आमचा गाडीवाला कर्टिस उद्या तुझ्याकडे उत्तरेच्या गेटाने येईल आणि हातात देईल. परत पाठवायचं असेल तर त्याच्याच हाती दे. त्याला वाचता येतं, पण तो वाचणार नाही.

मंगळवारी काय झालं ते तुला गोठ्याच्या बाजूने माहीत आहे. माझ्या बाजूने असं झालं.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी नव्या विहिरीच्या झडपेची चकती फुटली. बाहेर उणे एकतीस, वारा वायव्येकडून, म्हणजे तुझ्याकडे. मी मर्व्हच्या लाकडी खोपट्यात फोनवर होते. यादी माझ्या पुढ्यात, जवळच्या घरापासून लांबच्या घराकडे. पहिला नंबर तुझा.

नऊ वेळा वाजला. दहाव्यांदा वाजू द्यायचा नाही, असा नियम आहे. उत्तर नाही तर खूण करायची, गाडीवाल्याला कळवायचं आणि पुढचा नंबर लावायचा. मी खूण केली. कर्टिसला वायरलेसवर सांगितलं, "पहिलं घर, उत्तर नाही. दक्षिणेच्या गेटाने आत जा, गोठा डाव्या हाताला." आणि नॉर्माला फोन लावला.

नॉर्मा म्हणाली, "ओव्हनमधे कोंबडी आहे."

"बंद कर आणि निघ."

"अर्धी कच्ची राहील गं."

"नॉर्मा, निघ."

तिसऱ्या घरी हार्वी म्हणाला, "सराव आहे की खरं?" मी म्हटलं खरं. तो म्हणाला, "मागच्या वेळीही तू अशाच आवाजात बोलली होतीस." चौथ्या घरी बायको गाडीत बसली होती आणि नवरा कुत्रं शोधत होता. हे सगळं मी नीट बोलत होते. आवाज माझा चांगला लागतो, त्यासाठीच मला ठेवलंय.

मग कर्टिसचा आवाज आला. "रुना, इथे गेट नाही."

"आहे. दक्षिणेला."

"इथे विलोची झाडं आहेत. आणि कुंपण. झाडं माझ्या डोक्याएवढी झालीत."

"फॉर्मवर गेट आहे, कर्टिस."

"फॉर्मवर असेल. इथे नाही."

त्याला मागे फिरून, तुझ्या जमिनीच्या सगळ्या चौकोनाला वळसा घालून, उत्तरेकडून यावं लागलं. अठरा मिनिटं. त्या अठरा मिनिटांत मी दहा घरांना फोन केले आणि एकालाही काय बोलले ते आठवत नाही. मर्व्ह म्हणतो, सगळं बरोबर बोललीस. असेल.

तू त्याला गोठ्यात सापडलीस. मेंढ्यांना गवत टाकत होतीस. त्याच्या छातीवरचं यंत्र किंचाळत होतं आणि तू त्याला म्हणालीस, "ते बंद कर, जनावरं बुजतात." तो म्हणाला, "बाई, तुम्हाला वास येत नाहीये?" तू म्हणालीस, "कसला?"

हे त्याने मला जसंच्या तसं सांगितलं.

डोकं दुखेल इतकाच गॅस होता. वारा फिरला आणि चाळीस मिनिटांत झडप बंद झाली. वारा फिरला नसता तर काय, हे मी लिहिणार नाही. तू विचार करशीलच, आणि मीही तीन दिवस दुसरं काही केलेलं नाही.

आता खरं. तुझे फॉर्म मी भरले. अकराच्या अकरा. दर सप्टेंबरात मी गाडी चौकात पत्रपेट्यांपाशी उभी करायचे, हीटर लावायचे आणि मांडीवर पाटी घेऊन लिहायचे. माणसं दोन, पाब्बी गेले त्या वर्षापासून एक. मदतीची गरज नाही. गेट दक्षिणेला. गेट मला लहानपणापासून पाठ होतं, त्यावर लटकून झोके घ्यायचो ते. तू ते बंद करून तिथे झाडं लावलीस, हे मला कसं कळणार? चौकातून तुझं घर दिसत नाही. खाली तुझी सही करायचे. सही करायला तूच शिकवलं होतंस, माझ्या प्रगतिपुस्तकावर, पाब्बींची. तेव्हापासून माझा हात बसलेला आहे.

पहिल्या वर्षी वाटलं, पुढच्या वर्षी जाऊ. दुसऱ्या वर्षी वाटलं, आता कुठल्या तोंडाने. मग सवय झाली. लोक म्हणतात, कंपन्या खोटे कागद करतात. करत असतील. इथला मी केला, आणि कंपनीने फक्त फाइलला लावला.

आणि रिंकचं. तो योगायोग नव्हता. करार घेऊन निघण्याआधी मी रिंकवर फोन करून विचारलं होतं, स्वावाचा सामना किती वाजता आहे. त्यांनी सांगितलं, एक वाजता. मी दीड वाजता पाब्बींच्या स्वयंपाकघरात बसले होते. त्यांनी विचारलं, "स्वावाला विचारायला नको?" मी म्हटलं, "तिला काय विचारायचं, जमीन तुमची आहे." त्यांनी चष्मा शोधायला बराच वेळ लावला, पाच-सहा वेळा दाराकडे बघितलं, आणि मग सही केली.

मर्व्हला काल सगळं सांगितलं. तू आधी माझ्याकडून ऐकावंस म्हणून आजच लिहिते आहे.

रुना


६ फेब्रुवारी

स्वावा,

कर्टिस रिकाम्या हाताने आला. पत्र तू ठेवून घेतलंस. राग आला असेल तर तो तुझा हक्क आहे, मी त्याबद्दल एक ओळही लिहिणार नाही.

माझी नोकरी गेली. मर्व्हने बोलावलं, खुर्ची दिली, कॉफी दिली. तेव्हाच कळलं.

"बावीस वर्षं, रुना," तो म्हणाला.

"हो."

"बाकीच्या घरांचे?"

"बाकीच्यांच्या घरी मी गेले. दर वर्षी. नॉर्माकडे दोनदा, तिच्याकडे पाय असतो."

"कसला पाय?"

"खायचा. सफरचंदाचा."

तो हसला नाही. कॅलगरीहून आलेली बाई म्हणाली की चौदाही घरं आता पहिल्यापासून पुन्हा विचारली जातील आणि विहीर तोवर बंद राहील. मला ते बरोबर वाटलं. मी तिच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं, फक्त एवढं मोठं भाषण केलं नसतं. टोपी मी टेबलावर ठेवली. ती म्हणाली, टोपी तुम्ही ठेवून घेतली तरी चालेल. तिला वाटलं हे सांत्वन आहे.

आता कामाचं बोलते, शेवटचं. नव्या यादीचं काम ऑर्विलला दिलं आहे. आपल्या शाळेच्या बसचा ऑर्विल. सत्तरीला आला आहे. तीस वर्षं या भागातल्या प्रत्येक घरासमोर बस थांबवली आहे आणि कुणाचं गेट कुठे होतं, कुठे आहे आणि कुठे असायला हवं, हे त्याला पाठ आहे. हे काम पहिल्यापासून त्यालाच द्यायला हवं होतं, पण त्याला टाइप येत नाही म्हणून मला दिलं.

शुक्रवारी सकाळी दहाला तो तुझ्याकडे येईल. दार उघड. मी बरोबर नसेन, गाडीतही नसेन, चौकातही नसेन. तुला वास येत नाही, हे त्याला सांग. ऑर्विल हॉलमधे बोलत नाही. शाळेत असताना मी बसमधे रडायचे ते त्याने आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुलासुद्धा.

तू लिहिलं नाहीस तर तो 'उत्तर देण्यास नकार' लिहील, तपासनीस मान डोलावतील, आणि नियमाने सगळं ठीक असेल. विहीर मार्चमधे सुरू होईल. फोन वाजेल आणि तू गोठ्यात असशील. मी तिथे नसेन, आणि जी कुणी फोनवर असेल तिला तुझी वेलची माहीत नसेल.

माझ्यावरचा राग तसाच ठेव. तो यंत्राच्या आड येत नाही. दोन्ही एकाच घरात मावतात.

रुना


१३ फेब्रुवारी

स्वावा,

शुक्रवारी मी घरातून बाहेर पडले नाही. शनिवारीही नाही. आज दूध संपलं म्हणून सहकारी दुकानात गेले, तर ऑर्विल पिठाच्या फळ्यांपाशी उभा. मी मुद्दाम अंड्यांकडे वळले. तो अंड्यांपर्यंत मागे आला.

"थंडी आहे," तो म्हणाला.

"फेब्रुवारी आहे."

"तेही आहेच." मग त्याने एक डबा उघडून अंडी मोजली. "रुना, मी तुला कुणाच्याही घरचं काही सांगू शकत नाही. कागद माझ्याकडे आहेत आणि ते कुलपात आहेत. तुला तर मुळीच सांगू शकत नाही. तसं लेखी आलंय."

"मी काही विचारलं?"

"नाही विचारलंस. म्हणून आधीच सांगितलं." त्याने कोटाच्या आतून वही काढली आणि पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं, बसमधे हजेरी घ्यायचा तसं. "पण फॉर्मवर एक रकाना असतो, तुला माहीत आहे. फोन उचलला नाही तर कुणाला कळवायचं. त्या रकान्यात ज्याचं नाव येतं त्याला विचारून खात्री करून घ्यावी लागते. तो नियम आहे. तुझा नंबर अजून तोच?"

मी म्हटलं, तोच.

त्याने लिहिला. पुन्हा वाचून दाखवला. मी मान हलवली.

"आणि बर्फ पडलेलं असताना," तो म्हणाला, "घरापर्यंत पोचायला किती वेळ? उत्तरेच्या गेटाने."

"वीस मिनिटं," मी म्हटलं.

त्याने वीस लिहिलं. मी अंड्यांचा डबा उचलला, खाली ठेवला. उत्तरेच्या रस्त्याने मी अकरा वर्षांत एकदाही गेलेली नाही. नाल्याजवळ बर्फ साचतं, तिथे गाडी माणसाच्या चालीने न्यावी लागते.

"नाही, ऑर्विल," मी म्हटलं. "खोडून पस्तीस लिही."

रुना